कोकणात यर्ट बांधून मुलाबाळांसकट राहायचं असेल तर: जोत्यापासून घरच्या शाळेपर्यंत सगळं

आमच्या खळ्यात पहिल्यांदा बांबूची गोल जाळी उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकी गडग्यापाशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या, शेवटी न राहवून म्हणाल्या, "गो बाय, कोंबड्यांचो खुराडो इतको मोठो कित्याक?" त्याला आता चार पावसाळे झाले. खुराडा उभा आहे, आम्ही चौघं त्यात राहतो, दोन्ही मुलं त्यातच शिकतात आणि दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की आम्हालाही असं करायचंय, कसं करायचं ते सांगा ना. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून काढतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना यर्ट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मध्य आशियातल्या फिरत्या पशुपालकांचं हे घर, मंगोलियात त्याला गेर म्हणतात. लाकडी पट्ट्यांची उघडमीट होणारी जाळी म्हणजे भिंत, तिच्यावर टेकलेले वासे, वर मधोमध एक गोल कडं ज्यात सगळ्या वाशांची टोकं अडकतात, आणि बाहेरून मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्याच्या मधे जे जाळीदार वर्तुळ दिसतं ना, ते हेच वरचं कडं. मंगोलियातली हे घर बांधायची कला २०१३ मधे आणि किर्गिझ-कझाक लोकांची २०१४ मधे युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली.

आता मुद्द्याचं. ते घर थंडी अडवायला बनलंय, तेही कोरड्या थंडीसाठी. आपल्याकडे सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे एक चादर. त्यामुळे व्हिडिओत बघून जसंच्या तसं उभं केलंत तर पहिल्या श्रावणात रडाल. आम्ही रडलोय. सुरुवातीला हौसेने तयार कॅनव्हासचं आवरण आतल्या अस्तरासकट विकत आणलं होतं, ऑगस्टपर्यंत अस्तरावर करडी-हिरवी बुरशी आणि धाकट्याला खोकला. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला हवा खेळती ठेवा. अहो, जुलैत इथे हवाच पाण्याची असते! तेव्हा ठरवलं की सांगाडा मंगोलियाचा, जोतं आणि छप्पर कोकणचं. शाळेचंही पुढे असंच झालं, ते सांगते नंतर.

पायरी १: आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा

ही पायरी सगळे गाळतात. मे महिन्यात येऊन, आंबे खाऊन, समुद्र बघून निर्णय घेऊ नका. जूनमधे या. मृगाच्या आसपास पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, मीठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते. चार महिने दोन मुलांसकट एका खोलीत बसून बघा, एकमेकांची डोकी फिरतात का. आमची फिरली होती, पण कमी. आणि ज्या गावात राहायचंय त्याच गावात भाड्याने राहा म्हणजे पाणी कुठून वाहतं, व्हाळ, म्हणजे ओढा, कुठपर्यंत चढतो, कुठल्या बाजूने वारा येतो हे डोळ्याने दिसतं.

पायरी २: जमीन आणि कागद

"कापडाचं घर आहे, त्याला कसली परवानगी" असं आम्हालाही वाटलं होतं. पण जोतं बांधलं की ते बांधकाम झालं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, आणि शेतजमिनीवर घर बांधायचं तर शेतघराची परवानगी किंवा जागा बिगरशेती करून घ्यावी लागते. सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या घराचं जोतं असलेली, गावठाणातली जागा. आमची अशीच आहे, सासऱ्यांच्या पडक्या घराची.

समुद्राजवळ जागा असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम, बघाच. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो आणि त्यातही गावाकडच्या बऱ्याच भागात पहिले २०० मीटर नवीन बांधकामाला मोकळे ठेवावे लागतात. खाडीकाठाला वेगळी मर्यादा आहे. नकाशा बघून, तलाठी आणि ग्रामसेवकांना भेटून, लेखी काय ते घ्या. आणि सातबारा सामायिक असेल, म्हणजे कोकणात असतोच, तर त्यावरच्या सगळ्या भाऊबंदांची संमती आधी. एक चुलता बोरिवलीत, एक बडोद्याला, एकाची आठ मुलं, प्रत्येकाला फोन. घर उभं करायला आम्हाला ७ आठवडे लागले, सह्या गोळा करायला दीड वर्ष.

पायरी ३: जोतं

सगळ्यात जास्त पैसे इथे घाला. जांभ्या चिऱ्याचं, जमिनीपासून निदान २ फूट उंच, गोल. चिरा चौकोनी आणि जोतं गोल म्हणून गवंडी कुरकुरतो, त्याला मधे खुंटी मारून दोरी फिरवून दाखवा, मग मजा वाटायला लागते त्याला. आमचं घर २० फूट व्यासाचं आहे, आत ३१४ चौरस फूट जागा मिळते. चौघांना पुरतं. तीन मुलं असतील तर २४ फूट घ्या, ४५२ चौरस फूट होतात.

जोत्याची कड भिंतीच्या बाहेर डोकावता कामा नये. थोडीशी जरी पुढे राहिली तरी भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या कडेवर साचतं आणि आत शिरतं. भिंतीचं कापड जोत्याच्या खाली वीतभर लोंबलं पाहिजे, साडीच्या पदरासारखं. आमचं जोतं एका बाजूला ३ इंच जास्त आलं होतं, ते नंतर छिन्नीने फोडत बसावं लागलं.

जमिनीला शेणाचं सारवण दिसायला छान पण पावसात ते वाळतच नाही. आम्ही खाली जाड प्लास्टिक अंथरून वर कोबा केला, दिवाळीनंतर हौसेपुरतं पडवीत सारवतो. भोवतीने पाणी जायला चर काढा आणि उतार व्हाळाकडे द्या, शेजाऱ्याच्या खळ्याकडे नको, नाहीतर घर राहील आणि बोलणं बंद होईल.

दार कुठे? मंगोलियात दार दक्षिणेला ठेवतात. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून आम्ही पूर्वेला ठेवलं. दार पश्चिमेला ठेवून समुद्र दिसेल हा मोह आवरा.

पायरी ४: सांगाडा

बांबू माणगा घ्या. कुडाळ-सावंतवाडीकडे भरपूर मिळतो, जवळजवळ भरीव असतो म्हणून खिळा-बोल्ट मारला तरी फुटत नाही. दिवाळीनंतर ते माघापर्यंत तोडलेला घ्या, तेव्हा त्यात रस कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. चिरून पट्ट्या करा आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड. जुन्या मच्छीमाराच्या होडीइतका खड्डा खणून त्यात ताडपत्री घातली की झाली टाकी. मुलांना आणि गुरांना त्या पाण्यापासून लांब ठेवा. जमिनीला टेकणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं, वाळवी फिरकत नाही, पण हातमोजे घाला, कातडी भाजते त्याने.

वाशांचं गणित गंमतशीर आहे. घराचा अर्धा व्यास १० फूट, वरचं कडं ४ फुटांचं म्हणजे त्याचे २ फूट गेले, राहिले ८ फूट आडवे. मंगोलियातलं छप्पर बऱ्यापैकी बसकं असतं, आपल्या पावसाला ते चालत नाही, उतार हवा. आम्ही उंची ६ फूट धरली. ६ आणि ८ म्हटल्यावर वासा बरोबर १० फुटांचा आला. थोरलीने तेव्हा पायथागोरस शिकला, पुस्तक उघडायच्या आधी, वासा कापणाऱ्या सुताराच्या शेजारी उकिडवं बसून. असे ४८ वासे.

हे वासे भिंतीला बाहेर ढकलत असतात हे विसरू नका. भिंतीच्या वरच्या कडेने चहूकडून एक तणावाची तार गुंडाळलेली असते, ती हा सगळा जोर धरते. ती तुटली तर घर छत्रीसारखं उलगडतं. मंगोलियात दोऱ्या आणि पट्टे बांधतात, आपल्याकडे खारी हवा, साधी तार दोन वर्षांत गंजून जाईल, म्हणून स्टेनलेस स्टीलची वायर, आणि नट-बोल्टसुद्धा स्टीलचेच. तिथे काटकसर केलीत तर मला सांगू नका.

पायरी ५: छप्पर, म्हणजे खरं घर

वाशांवर बांबूच्या कामट्या, त्यावर पीव्हीसीचा थर दिलेली जाड ताडपत्री, त्यावर परत कामट्या ठोकून चार बोटं हवा जाईल एवढी फट, आणि सगळ्यात वर नारळाच्या चुडतांची विणलेली झापं. झापांमुळे दोन फायदे, उन्हात ताडपत्री तापत नाही आणि पावसाचा आवाज कमी होतो. नुसत्या ताडपत्रीवर कोकणातला पाऊस म्हणजे आत बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, शिकवणं तर सोडाच. झापं दर मे महिन्यात बदलावी लागतात, तेवढं काम पदरात धरून चला.

भिंतीच्या बाहेर ४ फुटांवर खांबांचं दुसरं वर्तुळ करून छप्पर तिथपर्यंत खाली आणा. ही आमची गोल पडवी. हिच्यामुळे भिंतीवर थेट पाऊस लागत नाही, कपडे वाळतात, मुलं जुलैतही बाहेर खेळतात. मला विचाराल तर पडवीशिवाय यर्ट बांधूच नका, पैसे कमी असतील तर घर १६ फुटांचं करा पण पडवी ठेवा.

मंगोलियात घरात चूल असते म्हणून वरचं कडं उघडं असतं. आपल्याला ते गरम हवा बाहेर टाकायला उपयोगी, एप्रिल-मेमधे भिंतीचं कापड खालून दोन फूट वर गुंडाळलं की वारा खालून येतो आणि वरून जातो. ते लोकही उन्हाळ्यात नमदा असाच वर करतात. आम्ही कड्यावर पारदर्शक शीटची टोपी बसवलीय, कड्यापासून वीतभर उंच, मधल्या फटीला मच्छरजाळी. स्वयंपाक मात्र आत नाही. बाहेर चिऱ्याची छोटी कौलारू खोली, शेजारी न्हाणी आणि संडास. झापांच्या घरात गॅस पेटवायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही.

पायरी ६: ओल आणि सरपटणारे

पुस्तकं लोखंडी ट्रंकेत किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिंपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या ओल्या झाल्या की मंद तव्यावर गरम करून परत वापरता येतात. सगळी पुस्तकं एकदम बाहेर काढू नका, त्या आठवड्याची तेवढीच बाहेर. गाद्या कापसाच्या नकोत, चटई आणि गोधडी बरी. गोल घरात कपाट भिंतीला टेकत नाही हे सामान आणल्यावर कळतं, बुटकी शेल्फं करून घ्या, तीच खोलीच्या मधे आडोसा म्हणून उभी राहतात. नवराबायकोला भांडायला जागा मात्र उरत नाही, आम्ही पडवीत जाऊन भांडतो.

साप. फुरसं आपल्या कातळावर सगळीकडे, नाग आणि घोणसही आहेत, पण घराच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक मण्यार, कारण ती रात्री आत येते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. म्हणून खाली झोपायचं नाही, खाट हवी, मच्छरदाणी चहूकडून अंथरुणाखाली खोचलेली हवी. पहाटे मुलाच्या पोटात कळा येतायत, पापण्या जड झाल्यायत, असं दिसलं तर ओवा देत बसू नका, थेट दवाखाना. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधीच जाऊन विचारून ठेवा. विंचवाचंही तसंच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवला त्यामुळे आता मृत्यू खूप कमी झालेत, पण औषध वेळेवर मिळायला दवाखान्यात पोचावं लागतं. घरात धान्य उघडं नको, धान्य आलं की उंदीर, उंदीर आले की मागून साप.

वादळाचं एकच सांगते. मे २०२१ मधे तौक्ते गेलं तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो, समोरचे पत्रे उडताना बघितले, मग कित्येक दिवस लाईट नाही. तेव्हापासून ठरलेलं आहे, हवामान खात्याने चक्रीवादळाचा इशारा दिला की कापड चहूकडून घट्ट बांधायचं, छपरावरून आडव्या-उभ्या दोऱ्या टाकून जमिनीत गाडलेल्या चिऱ्यांना आवळायच्या, आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन काकींच्या स्लॅबच्या घरात जायचं. गोल घर वारा कमी धरतं हे खरं, पण वारा आत घुसला की छप्पर उचलतो. कापड गेलं तर गेलं.

पायरी ७: घरच्या शाळेचा कायदा

आता शाळा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयासाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही आणि घरी शिकवण्याबद्दल कायदा काही बोलतच नाही. म्हणजे परवानगीचा कागदही नाही आणि बंदीही नाही. मधली जागा आहे, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा. याच कायद्यात एक मोठी सोय आहे, शाळेत नसलेलं मूल कधीही वयाला योग्य अशा वर्गात दाखल करता येतं. त्यामुळे जमलं नाही तर परतीचा रस्ता आहे, जीव टांगणीला लावू नका.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा गुरुजी किंवा बाई दारात येतात. लपू नका, मुलांच्या वह्या दाखवा, काय चाललंय ते सांगा. आमच्या वाडीच्या बाईंना आधीच जाऊन भेटलो होतो. त्या रागावल्या नाहीत पण त्यांचा चेहरा पडला, कारण शाळेचा पट आधीच कमी आणि त्यातली दोन मुलं घरी. खेड्यात पट घसरला की शाळा बंद व्हायची चर्चा सुरू होते आणि मग लहान पोरांना दोन-तीन किलोमीटर चालत जावं लागतं. हा आमच्या निवडीचा दुसऱ्याला बसणारा चटका आहे आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आम्ही एवढंच करतो, नवरा शनिवारी शाळेत जाऊन सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवतो आणि आमची मुलं खेळाला, पंधरा ऑगस्टला, स्नेहसंमेलनाला तिथे असतात.

परीक्षांसाठी केंद्र सरकारची मुक्त शाळा, एनआयओएस, तिच्या लहान मुलांसाठी तीन पातळ्या आहेत, ए म्हणजे तिसरी, बी म्हणजे पाचवी, सी म्हणजे आठवी. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत, किमान ५ विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत ९ संधी मिळतात. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, शिवाय राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. कुठलं घ्यायचं ते मूल अकरा-बारा वर्षांचं होईपर्यंत ठरवलं तरी चालतं, पण त्याच्या पुढे ढकलू नका, कारण परीक्षा केंद्र किती लांब आहे तिथून सगळं फिरतं.

पायरी ८: वेळापत्रक पंचांगाप्रमाणे

पहिल्या वर्षी मी भिंतीवर तक्ता लावला होता, सकाळी ९ ते १० गणित, १० ते ११ इंग्रजी, मधली सुट्टीसुद्धा. जूनमधे सुरू केला, जुलैत ओलीने गळून पडला आणि कोणी परत लावला नाही. तिथेच डोक्यात लख्ख पडलं की शाळेचा तक्ता म्हणजे आमचं ते पहिलं कॅनव्हास. दुसऱ्या हवेसाठी शिवलेलं.

आता असं चालतं. मृग ते नारळी पौर्णिमा बाहेर पडता येत नाही, तेव्हा बैठा अभ्यास. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात, मे संपायच्या आत डाउनलोड करून ठेवतो कारण पुढे नेटचा भरवसा नाही, आमच्याकडे रेंज फक्त काजूच्या कलमाखाली येते. पुस्तकं छापीलही घेतो, चार्जिंग संपलं तरी ती चालतात. सकाळी दोन तास गणित-भाषा, दुपारी मोठ्याने वाचन, बस. एका मुलाला समोर बसवून शिकवलं तर शाळेचा दिवसभराचा अभ्यास दोन-अडीच तासांत होतो, बाकी वेळ भरायच्या नादाला लागू नका. मधे लावणीचे आठवडे आले की पुस्तक बंद, मुलं काकींच्या कुणग्यात, म्हणजे भातशेताच्या तुकड्यात, तरवा (भाताची रोपं) काढायला. गमबूट घालून, पायाला जखम असेल तर चिखलात नाही, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतात गेलो होतो हे आधी सांगायचं, लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते.

पावसाचं गणितही तेव्हाच. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पडवीसकट आमचं छप्पर २८ फुटांचं, म्हणजे साधारण ५७ चौरस मीटर, गुणिले ३००० मिलिमीटर. थोरलीने उत्तर काढलं, १ लाख ७१ हजार लिटर, आणि मग विचारलं की एवढं पाणी छपरावर पडतं तर एप्रिलमधे विहिरीवर रांग का असते? त्या प्रश्नावर आमचा भूगोल महिनाभर चालला, आणि शेवटी घरात एक ५००० लिटरची टाकी वाढली.

गणपतीत अभ्यास शून्य. पण गणपतीच्या वर माटवी बांधतात तिला लागणारी कवंडळं, कांगलं, हरणाची फुलं, शेरवडं गोळा करायला पोरं आजोबांबरोबर रानात जातात तेव्हा जेवढ्या वनस्पती ओळखतात तेवढ्या मी बीएस्सी करून ओळखत नव्हते. मी फक्त एवढं करते, प्रत्येकाचं एक पान वहीत दाबून ठेवायला लावते आणि मालवणी नाव, पुस्तकी मराठी नाव, सापडली ती जागा लिहून घेते.

दिवाळी ते होळी सगळं बाहेर. माझा लाडका धडा भरतीचा. जुनी माणसं सांगतात, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा नाहीतर बारा, आणि मग परत प्रतिपदेपासून. धाकट्याने महिनाभर खडकावर खडूने खुणा करून वेळा लिहिल्या, तर आमच्याकडे भरती हिशोबापेक्षा लवकर येत होती. त्याला वाटलं आपलं चुकलं. मग नकाशा काढला, भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते आणि तो हिशोब मुंबईकडच्या वेळांना जास्त जुळतो. अपूर्णांक, चंद्र, उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती), एवढं सगळं एका खडूत. काकींच्या घरचे भाऊ म्हणाले, "पोरगो मासे मारूक तयार झालो." तोच आमचा त्या वर्षीचा प्रगतीपुस्तकावरचा शेरा.

इतिहासासाठी सिंधुदुर्ग किल्ला, १६६४ ते १६६७ मधे बांधलेला, होडीने जाऊन. आणि कातळशिल्पं. मालवण तालुक्यात कुडोपीला आहेत, राजापूरकडे कशेळीचा भलामोठा हत्ती आहे, २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, तेव्हा सावलीत रेषा उठून दिसतात, दुपारी काही दिसत नाही आणि पायही भाजतात. शिल्पावर पाय देऊ नका, पाणी ओतू नका. जत्रा सुरू झाल्या की दशावतार, रात्रभर जागायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळा बंद.

एप्रिल-मे मुंबईहून चुलत-मावस भावंडं येतात, तेव्हा शिकवायचा प्रयत्नसुद्धा करू नका. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब मात्र पोरांकडेच, ५ डझनाची पेटी, किती पेट्या, किती डाग निघाले, टेम्पोवाल्याला किती दिले.

पायरी ९: कोण शिकवणार?

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. घरची शाळा म्हणजे बहुतेक घरांत आईची शाळा. पहिलं वर्ष मी स्वयंपाक, शाळा, झापं, सगळं केलं आणि गणपतीनंतर एक दिवस वही फेकून समुद्रावर जाऊन बसले. त्यानंतर वाटणी लिहून काढली, गणित आणि विज्ञान त्याचं, त्याची ऑनलाइन नोकरी संध्याकाळी चालते म्हणून सकाळ त्याची. भाषा माझी. मालवणी आणि गोष्टी सासूबाईंच्या, त्यांना आधी वाटत होतं पोरांचं वाटोळं करतायत, आता त्याच धाकट्याकडून पोथी वाचून घेतात आणि चुकला की कान पिळतात. हे आधी ठरत नसेल तर सुरूच करू नका.

रोज रात्री मुलांनी तीन ओळी लिहायच्या, आज काय केलं, तारखेसकट. महिन्याला एकदा मी त्या वहीचे फोटो काढून ठेवते. सर्वेक्षणाला, मुक्त शाळेत नाव घालताना, उद्या परत शाळेत जायचं झालं तर, हीच वही दाखवायला उपयोगी येते. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, घरपट्टीची पावती या सगळ्याच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात ट्रंकेत, आणि तीच ती वादळात उचलायची पिशवी.

पायरी १०: दर मे महिन्यात

झापं उतरवा, ताडपत्रीला भोकं बघा, उजेडाकडे धरून, सुईएवढं भोकही जुलैत बादली भरतं. तणावाची तार हाताने ओढून बघा. वाशांना ठोका, आवाज पोकळ आला की आत भुंगा आहे, तो वासा बदला. मच्छरजाळ्या, दोऱ्यांच्या गाठी, चरातला पाला. हे सगळं २५ मेच्या आत, कारण नंतर माणसं मिळत नाहीत, ज्याला त्याला स्वतःचं घर शाकारायचं असतं. यंदा झापं विणायला काकी आल्या होत्या, चाळीस झापं त्यांनी एकट्यांनी विणली आणि जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी आमच्या गुरांच्या गोठ्याला असोच गोल माटव घालूया, वारो लागना नाय. आम्ही आत्ताच माणग्याची ऑर्डर देऊन ठेवलीय.